धवल्यातली नवरी

कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीवर मी जेवढी चिडले, तेवढी नवऱ्यावरही कधी चिडले नाही. हे त्याच्या तोंडावर सांगते.

भावाच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे धवलारीण धवले गाते, देवांना मांडवात बोलावते, मगच नवरीला हळद लागते. गावची धवलारीण माझी आत्या. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला नि वाचा गेली. दुसरी कुणी उरलेली नाही. भाऊ म्हणतो, "मोबाइलवर ढीगभर हायेत, लाव कुठलापण!" कुठलापण? अरे, बाजारातून भाजी आणायचीय का तुला? जिला आत्यानं कडेवर वाढवलं, तिला हळद परक्या बाईच्या आवाजात लावायची?

आत्याचा आवाज माझ्याकडे होता. माझ्याच लग्नात कुणीतरी बटणाच्या फोनवर घेतलेला. फोन कधीच मेला, फाइल तेवढी कॉम्प्युटरवर होती. पण ती इतकी जुनी की डीजेवाल्याचा डबा तिला ओळखच देईना. "ताई, एमपीथ्री करून आणा," म्हणाला. जशी मी पदराला बांधूनच फिरते!

फुकट बदलून देणाऱ्या साइट पाहिल्या. मेल्यांनी सुरुवातीचा तुकडा दिला नि पुढे कार्ड मागितलं. मग कळलं, फाइल बदलणारं एक साधन नेटवरून कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची. मुरुडला शाळेच्या ऑफिसात बसते मी, कॉम्प्युटरला घाबरत नाही. उतरवलं, टाइप केलं. उत्तर काय, तर ही कमांड ओळखीची नाही. अगं भवाने, आत्ताच तर तुला घरात घेतलं! ते साधन कुठल्या फोल्डरात बसलंय, ते सेटिंगमध्ये वेगळं लिहून द्यायचं म्हणे. घरातल्या पाहुण्याचा पत्ता घरालाच सांगायचा! दिला. तर 'आत्याचा' नावाची फाइल सापडेना. नाव होतं 'आत्याचा धवला', मधली मोकळी जागा बघून तिनं एकीच्या दोन केल्या. नाव अवतरणचिन्हात घातलं, तेव्हा कुठे ओळी भराभर पळाल्या.

आणि आत्या गायला लागली. खणखणीत. मी शेवटपर्यंत ऐकलं, रडले, रडताना पण त्या खिडकीला शिव्याच घालत होते.

हळदीला आत्याला खुर्चीत बसवलं. डीजेवाल्यानं पेनड्राइव्ह लावला. देवांना आमंत्रण झालं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग नवरीचं नाव घ्यायची ओळ आली, आणि नाव आलं माझं! जिची हळद तिचं नाव धवल्यात घालतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण घरी ऐकताना स्वतःचंच नाव कानाला खटकणार कसं! नवरा फिसकन हसला. आत्या नाही हसली. तिचा चांगला हात खुर्चीवर आपटायला लागला. तिच्याच आवाजात भलतीला हळद लागत होती.

"बंद कर रे तो डबा!" मी ओरडले.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आत्यापण. लहानपणी तिच्या मागे बसून ओळी झेलायचे मी, पण एकटीनं कधी गायले नव्हते. राग एवढा होता की लाजायला जागाच नव्हती. आत्याच्या खुर्चीशी बसले नि तीच ओळ उचलली, पोरीचं नाव घालून. आवाज फाटला. पुढच्या ओळीत शब्द चुकला, तशी आत्यानं दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले.

शब्द आठवला. धवला संपेपर्यंत दंड काळानिळा झाला, पण पोरीला हळद तिच्याच नावानं लागली.