साध्या अक्षरांत लिहा, वहिनी ऐकणार आहेत

या पोस्टला फोटो नाही, आणि तो जोडला जाणार नाही.

मी अरविंद खैरनार, वाणिज्य पदवीधर, राहणार नाशिक. माझा मित्र विलास जाधव याचा आज पहिला स्मृतिदिन. त्याची आठवण नोंदवावी आणि आपणा सर्वांकडे एक मागणी करावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

विनंती नव्हे. मागणी.

विलास मूळचा निफाडचा. बी.कॉम.ची सगळी वर्षे आम्ही एका बाकावर काढली. तिशीत त्याची दृष्टी हळूहळू गेली.

त्यानंतर त्याने सुमनवहिनींशी लग्न केले. त्या जन्मापासून दृष्टिहीन, एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर पुढे त्यांनीच त्याला शिकवला. तो आवाज दोघे इतक्या वेगाने ऐकत की शेजारी बसून मला एक शब्द लागत नसे.

"तुला डोळे आहेत ना, मग बस सावकाश वाचत," विलास म्हणायचा.

एकदा त्याच्या सोसायटीची शनिवारची मीटिंग रविवारवर गेली. सेक्रेटरींनी ग्रुपवरच्या नोटिशीत "शनिवार" या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पुढे "रविवार" लिहिले.

पाहणाऱ्यांना रेघ दिसली. विलासच्या फोनने रेघ सांगितली नाही.

त्याने दोन्ही वार ऐकले, मीटिंग दोन दिवस चालणार असे समजला आणि शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसला.

रविवारी सर्वांसमोर सेक्रेटरींना म्हणाला, "काल मी आलो होतो. कोरम नव्हता, पण चर्चा चांगली झाली. सगळे ठराव एकमताने मंजूर."

मलाही त्याने सोडले नाही. महत्त्वाचे शब्द बोल्ड करणे, त्यांना लाल रंग देणे, ही माझी शिस्त. त्यावर त्याचा शेरा असा:

"अरविंद, तू दिलेला जोर तुझ्याच घरी राहतो. माझ्याकडे नुसता शब्द येतो. जोर द्यायचा तर वाक्यात दे."

ते मी आजही पाळतो. या पोस्टचे पहिले वाक्य पुन्हा वाचावे.

गेल्या वर्षी तो गेला, त्या दिवशी मी वहिनींजवळ बसलो होतो. त्यांचा फोन सारखा वाजत होता.

फोन एक नाव सांगे, मग म्हणे, फोटो.

दुसरे नाव. फोटो.

मधूनच इमोजीचे नाव: जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात.

श्रद्धांजलीची तयार चित्रे होती ती. समई, पाकळ्या, सोनेरी अक्षरे. पाठवणाऱ्यांची भावना खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती पोचली नाही, याबद्दलही नाही.

वहिनींनी फोन बाजूला ठेवला आणि विचारले, "भाऊजी, ह्यांच्याबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही का हो?"

आता कालची गोष्ट. आमच्या बॅचच्या ग्रुपचे ॲडमिन निकम यांनी आजच्या दिवसासाठी बॅनर करून मला दाखवला. विलासचा फोटो, भोवती फुले, सगळा मजकूर त्या चित्रातच. वहिनी त्या ग्रुपवर आहेत. मी सुचवले की हाच मजकूर खाली साध्या अक्षरांत टाईप करावा.

निकम वाईट माणूस नाही. विलासला खांदा देणाऱ्यांत तो पुढे होता. पण तो म्हणाला, "साधं टाईप केलं की नोटीस वाटते रे. आणि वहिनींना कोणीतरी वाचून दाखवेलच की."

कोणीतरी.

या शब्दाशी विलासचे उभे वैर होते. बँकेचे मेसेज, डॉक्टरांचे रिपोर्ट, सोसायटीतली भांडणे, सगळे स्वतः ऐकणाऱ्या बाईने नवऱ्याची श्रद्धांजली तेवढी कोणाच्या तरी सवडीने ऐकायची?

आज सकाळी बॅनर पडला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. थोड्याच वेळात वहिनींचा फोन आला. नवे फोन चित्रात काय आहे याचा अंदाज सांगतात, तसा त्यांच्या फोनने सांगितला होता.

"भाऊजी, हा म्हणतोय, फुलं आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस."

मग विचारले, "हेच आहेत का ते?"

मी म्हणालो, "हो वहिनी. विलासच आहे."

हा प्रश्न त्यांना पुन्हा विचारावा लागता कामा नये. म्हणून ही पोस्ट.

ज्यांना ती कोरडी वाटेल, त्यांना खुशाल वाटो. फोटोशिवाय कोणी थांबून वाचत नाही असे मला सांगण्यात आले आहे. न थांबणाऱ्यांसाठी हे लिहिलेलेच नाही.

मागणी अशी. खाली कॉमेंटमध्ये विलासबद्दल एक खरे वाक्य लिहा. तो तुमच्याशी कशावरून भांडला ते लिहा. तुमची छत्री नेऊन परत केली नसेल तर तेही लिहा. फोटो टाकायचाच असेल तर त्यात कोण आहे, काय करतो आहे, हे शब्दांत सांगा. काहीच सुचले नाही तर "भावपूर्ण श्रद्धांजली" एवढेच लिहा, पण अक्षरांत लिहा.

नुसती चित्रे आणि जोडलेले हात मी काढून टाकीन. पाठवणारा कितीही जवळचा असला तरी.

आज संध्याकाळी वहिनी हे सर्व स्वतः ऐकणार आहेत. त्यांच्या वेगाने.

विलास, तुला हार नाही, समई नाही. तुझे नाव आहे, साध्या अक्षरांत, आणि ते घरी पोचेल.

अरविंद खैरनार
नाशिक, विलासच्या पहिल्या स्मृतिदिनी