कोलेस्टेरॉलच्या गोळीचा रंग

पूर्वी आमच्या घरात वाचता कुणालाच येत नव्हतं. गोळ्या रंगावरून ओळखायच्या. बरं वाटलं की बाबा हृदयाची गोळी सोडत, आणि हृदयविकारानेच गेले.

मी घरातली पहिली पदवीधर. परवा खिडकीत आईच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. आठवड्यापूर्वी आणलेल्या त्या पाकिटातली एकही गोळी काढलेली नव्हती.

“रिपोर्ट चांगला आला, आता कशाला? पायही दुखतात,” आई म्हणाली.

“गोळीमुळेच चांगला आलाय. पायांचं डॉक्टरांना सांगू. आपल्या मनाने बंद करायची नाही.”

शेजारच्या काकू हसल्या, “चार बुकं शिकली, डॉक्टरीण झाली!”

“डॉक्टरीण नाही, काकू. पण अंदाजाने जगणं आमच्या घरानं पुरेसं केलंय.”

डॉक्टरांनी तपासून गोळी बदलली. रंग वेगळा होता. पाकिटावर मी मराठीत नाव लिहिलं. मीच शिकवलेली अक्षरं जुळवत आईने ते वाचलं.