पुस्तकांचे ऊन

कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा कडसर गंध जुन्या कागदात मुरला, की त्याला ही गोडी कुठून येत असेल? कोणतेही जुने पुस्तक उघडताना मी ते आधी हुंगते. आणि जाफराबादजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेचे अंगण, त्यावर सांडलेले दिवाळीनंतरचे हळदुले ऊन, अलगद उलगडत जाते.

शाळेतली गोष्टींची पुस्तके वर्षभर लोखंडी कपाटात बंदिस्त असत. हरवली, फाटली, तर जाब कोण देणार? पावसाळ्याची ओल निघावी म्हणून एकच दिवस ती अंगणात तरटांवर मांडली जात. पानांत कडुनिंब घालायचा आणि शेळ्या हाकलायच्या, एवढेच आम्हा मुलींचे काम. वाचा, असे कुणी म्हटले नव्हते. पण वाऱ्याने एक पान उलटले, आणि वाट चुकलेला एक करकोचा माझ्यापुढे पंख पसरून उभा राहिला. तो घरट्याकडे वळणार, तोच ऊन उतरले. आता कपाट मिटणार, आणि माझा करकोचा वर्षभर आभाळातच अडकणार! माझे डोळे भरून आले.

आमच्या बाईंनी ते पाहिले असावे. पानावर तळवा टेकवून त्या गंभीरपणे म्हणाल्या, "वल हाये पोरींनो अजून. उद्या बी ऊन दाखवावं लागन."

उद्याही ओल होती, परवाही होती. कापसाची वेचणी सरली, हरभऱ्याला घाटे धरले, तरी ओल हटेना.

"बाई, पुस्तकं हायेत का पापड?" हेडगुरुजी हसत.

"पापड परवडले, गुरुजी! ही वल लई मुरलेली हाये."

करकोचा केव्हाच घरी पोचला. त्याच्यामागून कितीक राजे, राक्षस, कोल्हे त्या तरटांवर उतरले. एका राजाचा मुकुट शेळीने खाल्ला, तर बाईंनी आमच्याकडून नवा रंगवून चिकटवला. 'वाचाल तर शहाणे व्हाल' असे मात्र त्या कधीच म्हणाल्या नाहीत. गोडी का शिकवता येते? तिच्यासाठी दार उघडे ठेवावे, एवढेच आपल्या हाती!

परवा भोकरदनकडच्या एका शाळेत गेले होते. काचेच्या कपाटात कोरी, झळझळीत पुस्तके; आणि काचेला नाक लावून उभी एक चिमुरडी.

"पोरं खराब करतात हो, ताई," तिथल्या तरुण बाई संकोचून म्हणाल्या.

मी एक पुस्तक मागून घेतले, हुंगले. शाईखेरीज कसलाच गंध नव्हता. पानावर तळवा टेकवला. पान ठणठणीत कोरडे होते.

"ओल आहे हो, बाई," मी म्हणाले. "रोज ऊन दाखवावं लागेल."

त्यांनीही त्या कोरड्या पानावरून बोट फिरवले. मग हसून कपाटाचे दुसरेही दार उघडले. चिमुरडीला मी कडुनिंबाचा डहाळा आणायला धाडले. ती धापा टाकत परतली, तेव्हा तिच्या मुठीतून तोच कडसर, गोड गंध दरवळत होता.