उंबऱ्याबाहेरचा गूळ

नाना गेले त्याच्या आदल्या दुपारी, देवपूरला मुलाच्या घरी, मी त्यांच्या उशाशी बसले होते. डोळे मिटलेले होते, पण ओठ हलले. मी कान जवळ नेला. इतक्या वर्षांचा संसार, माझ्यासाठी काहीतरी असेल... तर म्हणाले, "हं चंपा, हळू." चंपा म्हणजे आमची घोडी. तिला मरून तीस वर्षं झाली. निघालेल्या नवऱ्याच्या उशाशी मी मत्सराने जळत बसले, आणि महिना झाला तरी धग आहे.

ती पारोळ्याच्या घरी आली तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, आणि मला नांदायला येऊन चार महिने झाले होते. वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोशी बोलत नसे, आणि आमच्या घरात वडीलधारे नाहीत अशी जागाच नव्हती. नानांनी सारंगखेड्याच्या जत्रेतून ही कोवळी बछेरी आणली. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सवतच लई उना ना रे तू!" सगळे हसले. मी येडी, सवत आणली हे मी खरंच धरलं.

पहिले आठ दिवस नानांनी तिला हात लावला नाही. चंदीची, म्हणजे दाण्याची, पाटी ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं, रोज त्याच वेळी. मग तोंडाला दोरीची मोरखी, मग पाठीवर गोणपाटाची घडी, खोगीर फार उशिरा. बिचकली तर ओरडणं नाही. कालचा धडा पुन्हा पहिल्यापासून. आणि अखंड बोलणं, "हं चंपा, शहाणी माझी." मी चुलीपाशी एकेक शब्द ऐकायची. भाकरी करपायच्या.

मी ठरवलं, ही अडेल निघाली तर परत बाजारात जाईल. ती मागच्या पडवीत बांधलेली असे; मागच्या दारातून तिला बाहेर काढताना ती उंबऱ्याशी जराशी थबकायची. नाना पुढे, पाठमोरे. मी दाराआडून झटकन तिच्या तोंडात गूळ द्यायची. पंधरा दिवसांत चंपा त्या उंबऱ्याशी खांब झाली. मामंजी म्हणाले, "चाबूक काढ, नही ते इकी टाक." नाना दोर सैल सोडून नुसते उभे राहिले. मी आत पदराआड हसत होते.

एका सकाळी मला उशीर झाला. चंपाने सरळ दाराआड मान घातली आणि माझ्या पदराची गाठ ओढली. घरादेखत गूळ खाली पडला. मला वाटलं, आता फैजपूरला, माहेरी रवानगी.

 नाना सगळ्यांसमोर, थेट माझ्याशी बोलले. "घोडी हट्टी नही शे. तू तिले थांबानं शिकाडं, ती शिकनी. आते बाहेर उभी ऱ्हाय. ती उंबरा वलांडी, मंगच गूळ दे."

नांदायला आल्यापासून पहिल्यांदा नवरा चारचौघांत माझ्याशी बोलला, तोही घोडीमुळे. पुन्हा शिकायला महिना लागला. तिला आणि मला.

पुढे रुसले की मी त्याच दाराशी जाऊन बसायची. नाना ओढायचे नाहीत, समजूत काढायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे, तळहातावर गुळाचा खडा. कितीही वेळ.

परवा पारोळ्याला जाऊन त्याच दाराशी बसले. बराच वेळ... बाहेरच्या कोनाड्यात त्यांचा गुळाचा डबा तसाच होता. ते तिकडे चंपासमोर हात पुढे करून उभे असतील. आधी जाऊन जागा धरली ना तिने. शेवटी माझी मीच उठले आणि खडा घेतला. पण उंबरा आधी ओलांडला.