न निघणारा कागद

बाबांनी त्यांच्या कामातलं काही मला पहिल्यांदा विचारलं ते फोनवर, आणि विषय होता गोंदाचा.

"लाकूड घासायच्या मशीनच्या पॅडाचं वेल्क्रो गेलं. पॉलिशपेपर उडून जाऊन राह्यला. गोंदानं चिकटवतो म्हणतो. तू केमिस्ट्रीत आहे ना, सांग बरं, कोणता लावू?"

बाबा दारव्ह्याला सुतारकाम करतात. मी यवतमाळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तोपर्यंत माझ्या शिक्षणाचा घरी झालेला उपयोग म्हणजे औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचणं. त्यामुळे 'मला माहीत नाही' असं म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, "शनिवारी घेऊनच येते."

केमिस्ट्रीच्या सरांना विचारावं म्हणून दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. असला प्रश्न त्यांना येडपट वाटेल, या भीतीनं दोनदा परत आले. मग ग्रंथालयात बसून वहीत रकाने आखले. पांढरा गोंद, चपलेला लावतात ते रबरी सोल्युशन, फवारायचा गोंद आणि दोन ट्यूबा मिसळून करायचं इपॉक्सी. प्रत्येकापुढे फक्त ताकद लिहिली. इपॉक्सी पहिलं आलं. पहिल्या नंबराबद्दल मला तेव्हा फारच आदर होता.

एसटीत त्या दोन ट्यूबा मी बॅगेत न ठेवता हातात धरून बसले.

बाबांच्या शेडमध्ये एक चाचा पॉलिशचं काम करतात. मी लहान होते तेव्हापासून ते तिथेच आहेत. मला पाहताच म्हणाले, "आली का आपली सायंटिस्ट!"

बाबांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "कागद निघते ना मंग?"

"निघतच नाही, बाबा!" मी म्हटलं. "मशीन तुटेल, पण कागद निघणार नाही."

चाचांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला. "अरे भाऊ, पेपर घिसल्यावर बदलावं लागते ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं पुस्तकात पाह्यलं हाये," ते म्हणाले आणि त्यांनी ट्यूबचं टोक कापलं.

रविवारी सकाळी सागवानी दाराचा अर्धा भाग सुरेख घासला गेला. मग कागद वहीच्या पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत झाला. बाबांनी नखानं ओढला, मग पकडीनं, मग पटाशी घातली. शेवटी कागद निघाला, पण पॅडाचा सगळा फोम सोबत घेऊन. माझा शब्द मात्र खरा ठरला होता.

दार सोमवारी बसवायचं होतं. दारव्ह्यात दुसरं पॅड मिळेना. आम्ही तिघांनी लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून दिवसभर हातानं घासलं.

"मॅडम, रेषेरेषेनं घासा," चाचा म्हणाले. "आडवं घासलं तर पॉलिशमध्ये तुमची सही दिसन."

बाबा मात्र एका शब्दानंही रागावले नाहीत, आणि मला तेच लागलं. पुढचे तीन आठवडे फोनवर दोनच वाक्यं यायची, "जेवली का?" आणि "अभ्यास कर." मशीनचा विषय नाही, लाकडाचा नाही. बाबा आता पुन्हा कधी काही विचारणार नाहीत, असं मी धरूनच चालले.

शेवटी स्टाफरूममध्ये गेले. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिलाच प्रश्न केला, "कागद किती वेळानं बदलतात?" हा प्रश्न चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवून विचारला होता. माझ्या वहीत त्याचा रकानाच नव्हता.

चौथ्या आठवड्यात बाबांचा फोन आला. जेवणाची चौकशी झाली. मग म्हणाले, "साधं रबरी पॅड भेटलं. वेल्क्रो नाही त्याले." हळूच पुढे विचारलं, "काय लावू?"

माझ्या जिभेवर पुन्हा एक छानसं उत्तर आलं होतं. ते गिळलं.

"मले पक्कं माहीत नाही, बाबा. रबरी सोल्युशन चालन वाटते. पण पॅडाले नका लावू आताच. आधी रबराच्या एखाद्या तुकड्यावर लावू, अन् कागद घासून गरम झाला की ओढून पाहू, निघते का."

मागून चाचांचा आवाज आला, "काय म्हणते सायंटिस्ट?"

"माहीत नाही म्हणते," बाबा हसत म्हणाले. मग मला म्हणाले, "शनिवारी ये. दोघं मिळून पाहू. अन् येताना काही आणू नको."