माहेरचं कोलेस्टेरॉल

माझं वजन हे माझं नसून माहेरचं आहे, असं मी सासरी पहिल्यापासून सांगत आलेय.

सासूबाईंना ते कधीच पटलं नाही. सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी बाई! रोज पहाटे मला उठवून जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला नेणार आणि वर विचारणार, "मीना, दमलीस?" (श्वास उरला असता तर सांगितलं असतं!) मी थायरॉईड सांगून पाहिला, हार्मोन्स सांगून पाहिले.

"आई, आमच्या रक्तातच आहे हो! नुसतं पाणी प्यायले तरी अंगाला लागतं."

"पाण्यात शेव टाकून पितेस का?"

अशात कळलं, धुळ्याचे एक डॉक्टर घराण्यात उतरणाऱ्या कोलेस्टेरॉलवर संशोधन करताहेत. एकाच घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं आणि जनुकं तपासायची. देवच पावला! मी अख्खं माहेर त्यांच्या स्वाधीन केलं. सासूबाईंशी ठरलं, दोष माहेरच्या रक्तात निघाला तर फिरणं कायमचं बंद.

"आणि नाही निघाला तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं!" मी छातीठोकपणे सांगितलं.

रविवारी सकाळी डॉक्टर, एक सिस्टर आणि ड्रायव्हर एरंडोलजवळच्या आमच्या गावी आले. सगळ्यांना रात्रीपासून उपाशी राहायला बजावलं होतं, आणि राहिलेही होते बिचारे. पण पाहुणे येणार म्हणून मायनं पहाटेच कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलेलं.

माझे वडील, आबा, दारातच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पहिले जेवी ल्या. रक्त काय पळी जावाव नई."

"आधी काम होऊ द्या आबा. तुम्ही सगळे उपाशी आहात ना?"

"आम्ही उपाशी शेतस, तुम्ही काब्रं उपाशी?"

डॉक्टर भिडस्त माणूस. थंडीत कुडकुडत आलेले, समोर भरीत आणि कळण्याची भाकरी. बसले! आणि तिथेच घात झाला. आमच्याकडे पाहुणा एकटा जेवत नाही. घरच्या माणसानं सोबत बसायचं, नाहीतर पाहुणा लाजून अर्धपोटी उठतो. त्यामुळे डॉक्टरांसोबत आबा बसले, सिस्टरसोबत माय बसली, ड्रायव्हरसोबत दादा बसला. मी कोणाला दुखवू? मी तिघांसोबत आळीपाळीनं बसले!

हात धुऊन डॉक्टर म्हणाले, "चला, आता उपाशीपोटीचं रक्त..." आणि आबांच्या मिशीवरचं तेल बघून मटकन खाली बसले.

पुढच्या रविवारी ते चेहरा कडक करूनच आले. "आज रक्त घेतल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही!"

"मंग रक्तबी भेटाव नई!" आबा खाटेवर आडवे झाले. "मना घरमा पाहुना उपाशी, आनि मी हात पुढे करू?"

मायनं समजावलं, दादानं हात जोडले. आबा ढिम्म! माझा तर जीव टांगणीला लागला. रक्त नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर जन्मभर तलाव! मी डॉक्टरांना ओट्यावर ओढून नेलं आणि त्यांच्या कानात कुजबुजले. ते आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "आबा, माझा नेम आहे. रक्त घेतल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही."

आबा ताडकन उठले. "नेम शे? मंग पहिले सांगानं ना! नेम मोडाले नको." आणि बाही वर! मागोमाग आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं; माझ्या रक्तात थायरॉईड आणि हार्मोन्सही बघा, असं मी बजावून सांगितलं. (जेवणं नंतर झालीच. सोबतही झाली.)

महिनाभरानं जळगावला डॉक्टरांचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला. सासूबाईंनाही ऐकू जायला हवं ना!

"ताई, आबांचं कोलेस्टेरॉल झकास. मायचं, दादाचंही उत्तम."

"बरं. माझा थायरॉईड?"

"नॉर्मल."

"हार्मोन्स?"

"जिथल्या तिथं. कोलेस्टेरॉल मात्र वाढलंय. तुमचं एकटीचंच."

सासूबाई हसू दाबत शालीत तोंड लपवत होत्या. मी शेवटचा डाव टाकला. "अहो डॉक्टर, नीट बघा! घराण्यात कोणापासून तरी सुरू झालं असेलच ना?"

"झालंय ना ताई. तुमच्यापासून!"

आता पहाटे तलावाला एकाऐवजी दोन चकरा असतात. अख्ख्या घराण्याची मूळपुरुष मी, पण सासूबाई वाटेतल्या बाकावर टेकूसुद्धा देत नाहीत!