सासऱ्यांनी सरळ केलेलं घर

पोटमाळा आवरताना जाड कागदांची एक गुंडाळी हाती आली. ओलसर कागदाचा आणि वाळलेल्या जलरंगांचा तो मंद वास मला थेट इंग्लंडातल्या एका जुन्या गावी घेऊन गेला. दोन हजार साल उजाडण्याआधी कंपनीने नवऱ्याला तिकडे धाडलं होतं, संगणकातली सालं दुरुस्त करायला. सासरे तीन महिने आमच्याकडे राहायला आले. पुण्यातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवलेली. कुणाची रेघ तिरकी गेली की ती बाबांना खुपायची.

आणि गाव असं, की एक भिंत सरळ नाही. काळ्या लाकडी तुळयांची, पांढऱ्या गिलाव्याची ती शेकडो वर्षांची घरं, पंगतीतून उठलेल्या सुस्त पाहुण्यांसारखी एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. बाबा रोज घडीची खुर्ची टाकून फुटपाथवर बसत. मी शेजारी छत्री धरून. तिकडे लेक सालं दुरुस्त करत होता, इकडे वडील घरं. कागदावर प्रत्येक घर अगदी ओळंब्यात उभं राही.

एके दिवशी समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली. चित्र न्याहाळून म्हणाली, "फार सुंदर. पण हे कुणाचं घर?"

"तिला सांग, तुमचंच आहे," बाबा मला म्हणाले. "फक्त नीट बांधलंय."

मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. ती हसली नाही. आम्हाला आत घेऊन गेली. माडीवरचा पलंगही एका बाजूला कललेला.

"लग्न झाल्यावर नवऱ्याने पायांखाली ठोकळे लावले," ती म्हणाली. "नाहीतर मी घरंगळत त्याच्या अंगावर जायचे. आठवड्याने मीच ते काढून टाकले."

हे काही मी मराठीत सांगितलं नाही. पण एवढं इंग्रजी बाबांना कळत होतं. ते वाकून पलंगाचे पाय पाहू लागले. सासूबाईंना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी नवा कागद. पण हात ऐकेना. रेघ आपली सरळच. पाच कागद वाया गेले. शेवटी वैतागून त्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला आणि घर अलगद झुकलं. म्हातारी पाहून एवढंच म्हणाली, "हं. हे माझं."

पुण्यात परतल्यावर बाबांनी बिबवेवाडीतल्या आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीचं चित्र काढलं, किंचित कललेलं. चेअरमन धावत वर आले. "अहो सर, इमारत वाकडी दिसतेय!"

"अजून नाहीये," बाबा शांतपणे म्हणाले. "आधी राहा तर खरे."

राहिलो. बाबा गेले, मुलं मोठी झाली. आता हॉलचं दार खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. सुताराला बोलावू, असं नवरा रोज म्हणतो. मी रोज म्हणते, उद्या.